टेकाळे मॅडमची खारी

आमच्या दवाखान्यात पेशंट सहसा एकटा येत नसे. आई, बाप, एखादी आत्या आणि या सगळ्यांच्या पुढं एक बोलणारा माणूस. आपल्या भागातली ही रीतच आहे. डॉक्टरपुढं, तलाठ्यापुढं किंवा सोयरिकीच्या बैठकीत आपल्याला नीट बोलता येणार नाही अशी साध्या माणसांची खात्री असते. मग गावातला चार बुकं शिकलेला, पांढऱ्या कपड्यांतला कुणीतरी बरोबर घ्यायचा. त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी माना हलवायच्या. येरमाळ्याकडच्या एका मावशींच्या छातीत धडधड व्हायची. ती धडधड त्यांच्या गावच्या माजी उपसरपंचांनी इतकी रंगवून सांगितली, की गोळी त्यांनाच द्यावी असं मला वाटलं. मावशी बिचाऱ्या शेजारी बसून कौतुकानं ऐकत होत्या.

डॉ. सुमन टेकाळे यांच्या या दवाखान्यात मी औषधं द्यायला होतो. धाराशिवच्या बसस्थानकापासून चालत येण्यासारखी जागा, पुढं बाकडी, मधे मॅडमची खोली, मागं छोटं अंगण. उपचार मनाच्या आजारांचे, पण लोक ‘डोक्याचा दवाखाना’ म्हणत आणि येताना तोंडाला रुमाल बांधून येत. मी तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घरातला, पूजा सोडून गोळ्यांच्या धंद्यात शिरलेला. हे कळल्यावर मॅडमनी माझं नाव कायमचं बाजूला ठेवलं. “पुजारी, यांना प्रसाद द्या,” असं म्हणून त्या चिठ्ठी सरकवायच्या. नवा पेशंट खरंच ओंजळ पुढं करायचा.

मॅडम ठेंगण्या, जाड भिंगाच्या, सुती साडीवर पांढरे बूट घालणाऱ्या. आवाज असा, की आत “या” म्हणाल्या तर समोरच्या टायरवाल्यानं मान वर करावी. राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा मोठ्या साहेबांच्या गाडीनं दवाखान्याचं फाटक अडवलं, तेव्हा मॅडमनी रस्त्यावर जाऊन त्या साहेबांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जेवणाला भाकरी, ठेचा आणि त्यावर कच्चं तेल. तो ठेचा मी एकदाच चाखला आणि नंतरच्या पेशंटला डोळे पुसत गोळ्या दिल्या. पेशंट म्हणाला, “काका, तुमचं बी काय दुखणं हाय व्हय?”

या बोलणाऱ्या माणसांचा बंदोबस्त मॅडमनी मोठ्या युक्तीनं केला होता. “पुजारी, चहा सांगा,” असं त्या म्हणाल्या तर तो साधा पाहुणचार. पण “चहाबरोबर खारी सांगा,” असं म्हणाल्या, की मी बोलवेपर्यंत हा माणूस आत येता कामा नये, असा त्याचा अर्थ. पाहुण्याला पंख्याखालच्या एकमेव गादीच्या खुर्चीवर बसवायचं, समोर खारीची ताटली ठेवायची आणि गावाकडचं विचारायचं. खारी घाईघाईत खाता येत नाही. ती चहात बुडवावी लागते, मधेच तुटते, पांढऱ्या सदऱ्यावर भुगा पडतो, मग तो झटकावा लागतो. तेवढ्यात आत मावशी स्वतःच्या तोंडानं स्वतःची धडधड सांगून मोकळ्या होत.

“सरळ बाहेर बसा म्हणलं तर काय बिघडतं?” मी एकदा विचारलं.

“राग येतो माणसाला,” मॅडम म्हणाल्या. “आनि तो राग घरी गेल्यावर पेशंटवर निघतो. मान दिला की बसून ऱ्हातंय बघा निवांत.”

मोठ्यांच्या बाबतीत खारीला अपवाद असे. नवऱ्याशिवाय बोलायला घाबरणारी बाई असली तर मॅडम नवऱ्यालाही आत घेत. मुलांच्या बाबतीत मात्र अपवाद नव्हता. मूल आलं की जो सगळ्यात जास्त बोलतो तो आधी बाहेर. त्या हे सास्तूरला शिकल्या होत्या. तिकडं मोठा भूकंप झाला तेव्हा त्या नुकत्याच डॉक्टर झाल्या होत्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहून काम करत होत्या. आईबाप गेलेल्या पोरांसाठी तिथं रोज नवे मामा आणि नवे काका उगवत. बहुतेक खरे असत, रडत असत, पोराला पोटाशी धरत. पण एक-दोन तसे नव्हते. “पोराला कुनी इचारायचंच न्हाय, ह्यो तुझा मामा हाय का म्हनून,” त्या सांगायच्या. “मामा लई छान बोलायचा ना.” यापुढं मॅडम त्या मामांविषयी कधी बोलल्या नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

दवाखान्यातली त्यांची बाकीची तऱ्हाही याच अंगानं जाणारी. आपल्याकडं पोर दिसलं की मोठी माणसं गालगुच्चा घेणार, मांडीवर ओढणार, पापा मागणार. आमच्या बाकड्यांवर हे चाललेलं मॅडमना दिसलं की आतून आवाज येई, “ओ काका, सोडा त्याला! तुमची मांडी पायजे म्हनलंय का त्यानं?” काका कावरेबावरे होत. सगळ्या बाकड्यांना वाटे की आता मॅडमचंच काहीतरी बिनसलंय. आणि ‘म्याडमच्या पाया पड’ म्हणून कुणी लेकराची मान खाली दाबली, की मॅडम पाय खुर्चीखाली घेत. “ऱ्हाऊ दे, आधी वळख तरी होऊ दे आमची.” तेरच्या एका आजोबांना हे फार लागलं होतं. आमच्या घरच्या वळणाला नावं ठेवली म्हणून ते फणफणत उठले आणि नातवाला घेऊन बाहेर पडले. पुढच्या खेपेला परत आले, तेव्हा नातवाला म्हणाले, “बघ बाबा, तुझ्या मनात असंल तर पड.” नातवाच्या मनात नव्हतं. आजोबांनी एक सुस्कारा सोडला.

मॅडमच्या खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. सुताराचं अखंड दार त्यांनी नवं असतानाच कापून घेतलं होतं. आवाज बाहेर येऊ नये, पण आतली माणसं दिसावीत, असा हिशेब. लहान मूल आणि मोठं माणूस आत असलं की कुणाच्या तरी नजरेत असलं पाहिजे, आणि त्या मोठ्या माणसात त्या स्वतःलाही धरत. एक पडदा लावावा असं मी सुचवलं होतं. “का? मी कोन मोठी साध्वी लागून गेले?” असं म्हणून त्यांनी मलाच गप्प केलं.

आता त्या मुलाचं सांगतो. त्याला ओंकार म्हणू. खरं नाव आणि गाव सांगितलं तर मॅडम मला कच्चा खातील.

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. एक पांढरी गाडी फाटकाशी थांबली. आतून एक तरुण बाई उतरली, मग दहा-अकरा वर्षांचा ओंकार आणि सगळ्यांच्या आधी उतरलेले, दार उघडून धरणारे त्याचे सर. शिष्यवृत्तीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा निवासी क्लास त्यांचा. पोरं तिथंच राहायची. ओंकारचा बाप ट्रकवर, महिना महिना बाहेर. आईनं पोराला मोठ्या आशेनं तिथं ठेवलं होतं. सुट्टीला घरी आल्यापासून ओंकार बोलेना, नीट जेवेना, अंथरूण ओलं करायला लागला आणि झोप तर त्याची पार उडाली. डोळा लागला की दचकून उठून बसायचा. सर घरी भेटायला आले तेव्हा आईनं पाया पडायला सांगितलं, तर हा गोठ्यात जाऊन लपला. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि सरांचा मोठेपणा बघा, रागावायचं सोडून ते म्हणाले, मीच गाडीनं डॉक्टरकडं नेतो, तिथूनच क्लासला सोडतो. आईनं पोराची पिशवी भरली आणि बोलणारा माणूस म्हणून त्यांनाच बरोबर घेतलं. त्या माउलीच्या जागी आपल्याकडची कुणीही आई असती तरी हेच करती.

सरांनी सगळं नीट सांगितलं. हुशार आहे, पण लाडानं बिघडलाय, परीक्षा तोंडावर आहे. “एकाग्रतेची एखादी गोळी द्या मॅडम. तिथं मी स्वतः वेळेवर देत जाईन.”

मॅडम मुलाकडं बघत होत्या. मुलगा फरशीकडं.

“सर, एवढे लांबून आलात,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “पुजारी, सरांना चहा सांगा. बरोबर खारी सांगा.”

मी सरांना पंख्याखाली बसवलं. चहा आला, खारी आली. सरांनी ताटली हातानं बाजूला सारली. “मी बाहेरचं खात न्हाय,” म्हणाले. आमची खारी त्या दिवशी पहिल्यांदा वाया गेली. दोन मिनिटं ते मोबाइल बघत बसले, मग उठले आणि दाराच्या काचेशी जाऊन उभे राहिले. नुसते उभे. हात मागं बांधलेले, चेहऱ्यावर हसू. त्यांच्या खांद्यावरून मला आत ओंकार दिसला. तो तोपर्यंत खुर्चीच्या हातावर बोटानं काहीतरी गिरवत होता. काचेत सरांना बघितलं आणि त्याचं बोट थांबलं.

मॅडमनी एकदा पोराकडं बघितलं, एकदा काचेकडं. मग उठल्या, “चला, आत लई कोंदट होतंय,” असं काहीसं म्हणाल्या आणि माय-लेकांना घेऊन मागच्या दारानं अंगणात गेल्या. सर माझ्याकडं वळले. “मागं काय आहे?”

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “सर, क्लासचा निकाल कसा लागतो हो तुमच्या?” आणि तो माणूस खुलला. मोबाइलमधले फोटो, हार घातलेली पोरं, पेढे भरवणारे पालक, एकामागून एक दाखवत राहिला. प्रत्येक फोटोत त्याचा हात एखाद्या पोराच्या खांद्यावर होता. मी “वा वा” म्हणत होतो.

अंगणात काय झालं ते ओंकारच्या आईनंच पुढं मला सांगितलं. मॅडम कपडे धुवायच्या दगडावर बसल्या. पोराच्या हातात त्यांनी तांब्या दिला आणि कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. विचारलं काहीच नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाल्या, “हे बघ, आज तुला हितनं क्लासला कुनी नेनार न्हाय. तू बोल नायतर नको बोलू. नेनार न्हाय म्हंजे न्हाय.”

ओंकार एकाच कुंडीत पाणी ओतत राहिला. कुंडी भरून वाहायला लागली, पाणी त्याच्या पायावर आलं. मग तो कुंडीकडं बघत म्हणाला, “मला सरांच्या खोलीत न्हाय झोपायचं.”

“आरं, काय बोलतो?” म्हणून आई उठली. मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं.

“बरं,” मॅडम पोराला म्हणाल्या. “न्हाय झोपायचं.”

बस, एवढंच. पुढचं त्यांनी त्याच्याकडून काढून घेतलं नाही. ते ज्यांचं काम आहे त्यांनी, त्यातल्या माहीतगार बाईंनी, नंतर सावकाश विचारलं.

आईला आधी कळलंच नाही आणि कळलं तेव्हा ती मॅडमच्याच अंगावर गेली. सर देवमाणूस आहेत, पोरगं काहीबाही बरळतंय, गावात बोभाटा झाला तर तोंड कुठं लपवू, याचा बाप मला जित्ती ठेवनार न्हाय. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, मला गप बसता येत न्हाय,” त्या म्हणाल्या. “कायद्यानं पोलिसात कळवावंच लागतं. आनि कायदा नसता तरी मी गप बसले नसते. तुमचं नाव, पोराचं नाव कुटं यायचं न्हाय. पन तिथं अजून पोरं हायेत.”

मग ती खाली बसली. “म्याच माझ्या हातानं धाडलं त्याला तिकडं,” असं म्हणून तोंडात पदर कोंबून रडली.

“आनि तुमीच आनलंत की हितं,” मॅडम म्हणाल्या.

आता प्रश्न बाहेरच्या माणसाचा होता. गाडी दारात, पोराची पिशवी गाडीत आणि क्लासमध्ये सुट्टी संपवून परतलेली बाकीची पोरं. याला संशय आला तर हा आधी तिथं पोचणार. मॅडम मागच्या दारानं खोलीत परतल्या, काचेतून त्यांचा चेहरा बघून मला कळायचं ते कळलं आणि मनात एकच भीती आली. मॅडमना राग आवरत नाही. साहेबांना रस्त्यावर झाडणाऱ्या या बाई आता तोंड उघडतील आणि सगळं मुसळ केरात.

मॅडम बाहेर आल्या, सरांच्या समोरच्या साध्या स्टुलावर बसल्या आणि हसल्या. असं हसताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. “सर, तुमी म्हनला तसंच हाय. मुकंच बसलंय. काय बोलंना बघा. दोन-चार तपासन्या कराव्या म्हनते, आज ठेवून घेते. तुमच्यासारख्या कामाच्या मान्सानं कशाला खोळंबायचं?”

“नाही, मी थांबतो ना. जबाबदारी आहे माझी.”

“आई हाय की सोबत. आनि तुमची पोरं तिकडं वाट बघत असतील.”

सर थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. मॅडमनी नजर हलवली नाही, हसूही नाही. “परीक्षेच्या आत बरा करून देता न्हवं?” असं विचारून ते उठले. मी गाडीतून पिशवी काढून घेतली. गाडी वळली, चौकातून दिसेनाशी झाली आणि मॅडमनी स्टुलावर बसल्या बसल्या फोन मागितला. नंबर मी लावून दिला.

फोन झाल्यावर त्यांनी टेबलावरची गार खारी उचलली आणि कचाकचा खाल्ली. “पोराला आधी शब्द दिला, पुजारी, आनि मंग घाम फुटला,” म्हणाल्या. “आनि त्या मान्साशी तोंड भरून खोटं बोलले. लई बरं वाटलं.” मग दाराकडं बघून म्हणाल्या, “काच बसवली तवा बाहेरून कोन बघंल ते डोक्यातच आलं न्हवतं माझ्या. थोडी तरी अक्कल पायजे होती.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्च्यांच्या जागा बदलल्या. मूल दाराकडं पाठ करून आणि त्या स्वतः काचेकडं तोंड करून.

सर क्लासच्या फाटकाशी पोचले तेव्हा साध्या कपड्यांतले पोलीस आणि मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या एक बाईसाहेब तिथं आधीच जाऊन बसल्या होत्या. अंधार पडायच्या आत सगळी पोरं आपापल्या घरी निघाली. हे कळलं तेव्हा मी औषधांच्या खिडकीशी उभा होतो. मी मोठ्यांदा “आई राजा उदे उदे” असं ओरडलो आणि बाकड्यांवरचे सगळे पेशंट माझ्याकडं बघायला लागले. एक जण हळूच शेजारणीला म्हणाला, “ह्यांचंबी हितंच चालू असंल औषध.” मला त्याचं काही वाटलं नाही, इतकं हलकं वाटत होतं.

पुढं कोर्टकचेरी सुरू झाली, ती अजून चालूच आहे. त्या माणसाला जामीन मिळाला नाही. ओंकारचा बाप ट्रक सोडून आला. बायकोला काही बोलला नाही. दवाखान्यात आला तेव्हा भिंतीला टेकून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. ओंकार गावातल्याच शाळेत जाऊ लागला. आई त्याला घेऊन बसनं यायची, आणि आता तिच्याबरोबर बोलणारा माणूस नसायचा. ती स्वतःच सांगायची. जेवतोय, शाळेत जातोय, अंथरूण कोरडं असतंय. झोपेचं विचारलं की मात्र मान हलवायची. घरात, आईच्या कुशीत, दाराला कडी असूनही पोरगं दचकून उठत होतं. मॅडम म्हणायच्या, याला वेळ लागतो. हे म्हणताना त्या आईकडं न बघता दुसरीकडंच कुठंतरी बघत.

मॅडमचे गुडघे गेले होते. उन्हाळ्यात दवाखाना नव्या डॉक्टरांकडं सोपवून त्या सोलापूरला बहिणीकडं राहायला गेल्या. अजून फोन करतात, मला रागावतात, नव्या डॉक्टरांना ठेचा मानवतो का विचारतात. पण माझ्या डोळ्यांपुढं त्या उभ्या राहतात त्या जायच्या आधीच्या एका दुपारच्या.

बाजाराचा दिवस होता. बाकडी खच्चून भरलेली, एक बाळ रडतंय, समोर टायरवाल्याची ठोकाठोक चाललेली, कुणाचा तरी मोबाइल गातोय. मी ओंकारचं नाव पुकारलं. उत्तर नाही. परत पुकारलं. मॅडम स्वतः दार उघडून बाहेर आल्या, नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ओंकार कडेच्या बाकड्यावर आडवा झाला होता. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबत, एक चप्पल गळून पडलेली. गाढ झोपला होता. भरदुपारी, एवढ्या अनोळखी माणसांत, एवढ्या गोंगाटात. आई गडबडीनं त्याला हलवायला वाकली. “उठीवते म्याडम, उठीवते. नंबर आलाय न्हवं.”

“अवो, न्हाय न्हाय,” मॅडम कुजबुजल्या. त्यांना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. “झोपू द्या. आज त्याला एवढंच तपासायचं होतं.”

त्यांनी पुढच्या पेशंटला बोटानंच आत बोलावलं आणि जाता जाता त्या बाळाच्या आईलाही खूण केली, की राहू दे, रडू दे त्याला, हा काही उठत नाही. मग दारात थांबून, भिंगं पदरानं पुसत, त्या झोपलेल्या पोराकडं बराच वेळ बघत राहिल्या.